कार्थेजचे पतित

इजिप्तमधील फायूम प्रांताच्या कोरड्या वाळूने जी असंख्य कागदपत्रे शतकानुशतके जतन करून ठेवली, त्यांत पपायरसच्या एका तुकड्यावर लिहिलेला एक सरकारी दाखला होता. १८९३ साली बर्लिनच्या संग्रहातून त्याचे वाचन प्रसिद्ध झाले, आणि ख्रिस्ती धर्माच्या इतिहासातील ज्या प्रकरणाची हकीकत तोवर केवळ धर्मगुरूंच्या पत्रांतून व प्रबंधांतून कळत आली होती, त्याला प्रथमच दफ्तरी पुरावा लाभला. अर्जदार ऑरेलियस डायोजेनीस, सॅटाबूसचा मुलगा, राहणार अलेक्झांडरचे बेट या नावाच्या गावी, वय वर्षे ७२, ओळखीची खूण उजव्या भुवईवर व्रण. गावातील यज्ञकर्मावर देखरेख करण्यासाठी नेमलेल्या पंचांना उद्देशून त्याने निवेदन केले आहे की, आपण देवांना नेहमीच बली देत आलो असून आताही फर्मानाप्रमाणे पंचांच्या समक्ष बली दिला, तर्पण केले व यज्ञशेष भक्षण केले, सबब तसे प्रमाणित करून मिळावे. खाली पाहणाऱ्याची साक्ष, सम्राटाच्या पदव्या आणि तारीख आहे; आपल्या कालगणनेने ती २६ जून २५० अशी येते. असे चाळीसहून अधिक दाखले पुढे उजेडात आले. हा डायोजेनीस ख्रिस्ती होता असे मानण्यास काहीही आधार नाही, कारण या दाखल्यांत पेटेसूखोस या मकरदेवाच्या एका पुजारिणीचाही दाखला आहे. जिचे सारे आयुष्य देवळात गेले, तिलाही आपण देवांना मानतो असे सरकारदरबारी लिहून द्यावे लागले होते.

हे फर्मान सम्राट डेशियसचे. २४९ च्या शरद ऋतूत तो गादीवर आला, तेव्हा रोम शहराच्या स्थापनेला हजार वर्षे पूर्ण झाल्याचा उत्सव होऊन अवघे एक वर्ष लोटले होते, डॅन्यूब नदीपलीकडून गॉथ टोळ्या साम्राज्यात उतरत होत्या, आणि पूर्वेला इराणच्या नव्या सासानी राजवटीचा दबाव वाढत होता. राज्यावर देवांचा कोप झाला आहे आणि प्रजेने एकमुखाने त्यांची आराधना केल्यास तो शमेल, ही भावना डेशियससारख्या जुन्या वळणाच्या सेनापतीच्या ठायी प्रामाणिक होती, असेच मला वाटते. २१२ साली सम्राट कॅराकॅलाने साम्राज्यातील जवळजवळ सर्व स्वतंत्र रहिवाशांना नागरिकत्व बहाल केले होते. म्हणूनच डायोजेनीससारख्या खेडुताच्या नावामागेही ऑरेलियस हे सम्राटकुळाचे नाव लागले आहे. प्रजा सर्वत्र एकाच पायरीवर आल्यामुळे सर्वांनी एकच विधी करावा असा हुकूम काढणे आता प्रथमच शक्य झाले. या हुकुमाचा मूळ मसुदा टिकलेला नाही, पण तो ख्रिस्ती लोकांचे नाव घेऊन काढलेला नव्हता, हे दाखल्यांवरून स्पष्ट होते. एक चिमूट धूप, मद्याचे चार थेंब आणि मांसाचा एक घास एवढेच सरकारला हवे होते, आणि नेमके तेवढेच ख्रिस्ती मनुष्याला देता येण्याजोगे नव्हते.

का देता येण्याजोगे नव्हते, हे समजण्यासाठी त्या काळच्या बाप्तिस्म्याचे स्वरूप ध्यानी घ्यावे लागते. बाप्तिस्म्याने मागील सर्व पातके धुतली जातात याविषयी कोणाचेच दुमत नव्हते. प्रश्न होता तो पुढील पातकांचा. मूर्तिपूजा, व्यभिचार आणि मनुष्यवध ही तीन महापातके ज्याच्या हातून बाप्तिस्म्यानंतर घडली, त्याला पुन्हा प्रभुभोजनाच्या पंक्तीला घ्यावे काय, आणि घेतले तरी परमेश्वर त्याला घेईल काय? इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात अशा मनुष्याविषयी अत्यंत कठोर निर्वाळा आहे: ज्याने एकदा प्रकाश पाहिला, स्वर्गीय दानाची रुची घेतली आणि नंतर जो पतित झाला, त्याला पुन्हा पश्चात्तापाकडे आणणे अशक्य असल्याचे तेथे म्हटले आहे. उलट योहानाच्या शुभवर्तमानात, आपल्या मेंढरांना आपल्या हातून कोणीही हिसकावून घेणार नाही, असे प्रभूचे अभिवचन आहे. ही दोन्ही वचने एकाच धर्मग्रंथातली, आणि दोन्ही रविवारी एकाच मंडळीच्या कानी पडणारी. दुसऱ्या शतकात रोममध्ये हर्मासने आपल्या दृष्टांतग्रंथात बाप्तिस्म्यानंतर पश्चात्तापाची एकच संधी असल्याचे सांगितले. कार्थेजच्या टर्टुलियनने त्या संधीला तारू फुटल्यावर हाती आलेल्या फळीची उपमा दिली, पण पुढे माँटानस पंथाच्या कडक शिस्तीत शिरल्यावर महापातक्यांना ती फळीही देण्याचा अधिकार बिशपांना नाही, असे त्यानेच आवेशाने प्रतिपादले. तथापि तोवर हा वाद एकट्यादुकट्या पातक्यापुरता होता. २५० सालच्या पहिल्या महिन्यांत तो एका अख्ख्या नगराचा झाला.

कार्थेज हे त्या काळी पश्चिमेकडील साम्राज्यात रोमखालोखाल मोठे नगर होते. तेथील ख्रिस्ती मंडळी संख्येने वाढली होती, आणि दीर्घकाळच्या शांततेमुळे सुखवस्तूही झाली होती. फर्मान पोहोचताच जे घडले त्याचे वर्णन तेथील बिशप सिप्रियन याने पुढील वर्षी पतितांविषयी लिहिलेल्या प्रबंधात केले आहे, आणि ते वाचताना आजही मन विषण्ण होते. शिपायांनी पकडून नेण्याची वाटसुद्धा न पाहता लोक आपण होऊन नगराच्या कॅपिटोलकडे, देवस्थानाच्या टेकडीकडे निघाले. गर्दी इतकी झाली की संध्याकाळी अंमलदार उरलेल्यांना दुसऱ्या दिवशी या म्हणू लागले, तेव्हा आमचा विधी आजच उरकून घ्या अशी लोकांनीच त्यांच्याकडे विनवणी केली. आईबापांनी कडेवरची मुले नेली, शेजाऱ्याने शेजाऱ्याला ओढून नेले. आईबाप पळून गेल्यावर दाईच्या हाती राहिलेल्या एका तान्ह्या मुलीचीही कथा सिप्रियन सांगतो. दाईने तिला अंमलदारापुढे नेले, आणि मांस खाण्याएवढी ती मोठी नसल्यामुळे मद्यात भिजवलेला भाकरीचा तुकडा तिच्या तोंडी घालण्यात आला. पुढे आईने काहीही ठाऊक नसताना तिला उपासनेला आणले, तेव्हा प्रभुभोजनाचा प्याला ओठांशी येताच त्या लेकराने तोंड फिरवले. या कथेतील चमत्कारावर आजच्या वाचकाने विश्वास ठेवावा की न ठेवावा हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे. परंतु ज्या मंडळीत अशी कथा सांगितली गेली, तिच्या मनाला केवढी जखम झाली होती हे कळण्यास ती पुरेशी आहे.

पतितांचे प्रकार पडले. ज्यांनी प्रत्यक्ष बलिदान करून मांस खाल्ले ते पहिले. ज्यांनी केवळ धूप जाळून सुटका करून घेतली ते दुसरे. आणि ज्यांनी बली दिला नाही की धूप जाळला नाही, पण अंमलदाराला पैसे चारून दाखला मात्र घेतला, ते तिसरे. या तिसऱ्या वर्गातील पुष्कळांना आपण काही अपराध केला असे वाटतच नव्हते. आपण ख्रिस्ती असल्यामुळे यज्ञ करू शकत नाही असे अंमलदाराला सांगून, त्या सवलतीची किंमत मोजून आपण मोकळे झालो, यात देवाचा धिक्कार कोठे झाला, असे ते विचारीत. पण मनाने न केलेली गोष्ट केली असे जगापुढे लिहून देणे हाही नाकारच होय, हा सिप्रियनचा निर्णय मला मान्य आहे. तरी त्या अपराधाची प्रत बलिदान करणाऱ्याच्या बरोबरीची नव्हे, हेही त्याने तितक्याच स्पष्टपणे ओळखले होते.

या वर्गवारीत न बसणारी माणसेही होतीच. कॅल्डोनियस नावाच्या एका बिशपने सिप्रियनकडे मार्गदर्शन मागताना काही प्रकरणे पत्रात कळवली, त्यांतील एक बोना नावाच्या स्त्रीचे आहे. तिच्या नवऱ्यानेच तिला यज्ञवेदीकडे ओढत नेले आणि तिचे हात धरून तिच्याकरवी बली देवविला. हे मी केले नाही, तुम्ही केले, असे ती ओरडत राहिली, आणि त्याबद्दल तिला हद्दपार करण्यात आले. त्याच पत्रात फेलिक्स, व्हिक्टोरिया आणि ल्यूशियस यांचे नाव येते. ही मंडळी प्रथम पतित झाली, पण पुन्हा पकडून आणल्यावर त्यांनी ख्रिस्ताची कबुली दिली आणि मालमत्तेवर पाणी सोडून हद्दपारी पत्करली. कॅस्टस व एमिलियस या दोघांचा उल्लेख सिप्रियनने स्वतःच्या प्रबंधात केला आहे: पहिल्या वेळी ते आगीपुढे टिकले नाहीत, दुसऱ्या वेळी त्याच आगीत जळून गेले पण ढळले नाहीत. अशी माणसे पाहिल्यावर तारण हरपते की नाही या प्रश्नाचे एका ओळीत उत्तर देण्याचे धाडस करताना कोणाही विचारी मनुष्याची लेखणी क्षणभर तरी थांबली पाहिजे.

सिप्रियनची स्वतःची स्थितीही सोपी नव्हती. वक्तृत्वशास्त्राचा हा नामांकित अध्यापक सुमारे २४६ साली ख्रिस्ती झाला आणि दोन-तीन वर्षांतच बिशपपदी निवडून आला. ज्येष्ठ धर्मगुरूंपैकी पाच जणांना ती निवड पसंत नव्हती. छळ सुरू होताच रंगभूमीतील जमावाने त्याला सिंहापुढे टाकण्याची मागणी केली, तेव्हा तो नगराबाहेर गुप्तपणे राहू लागला आणि तेथून पत्रांद्वारे मंडळीचा कारभार पाहू लागला. जो स्वतः पळाला त्याने इतरांच्या पतनाचा निवाडा कसा करावा, हा आक्षेप त्याच्या हयातीतच घेतला गेला. पण बिशप पकडला गेला असता तर मंडळीला दिशा देणारे कोणी उरले नसते. रोमचा बिशप फेबियन जानेवारी २५० मध्येच मृत्यू पावला होता, आणि ते पद वर्षाहून अधिक काळ रिकामे राहिल्यामुळे तेथे काय झाले हे पाहिले, म्हणजे सिप्रियनच्या निर्णयाचे मोल कळते.

याच सुमारास तुरुंगातून एक नवी अडचण उपस्थित झाली. छळ सोसूनही ज्यांनी ख्रिस्ताची कबुली सोडली नाही, त्या साक्षींना मंडळीत अपार मान होता, आणि मृत्यूच्या दारी उभ्या असलेल्या साक्षीने एखाद्या पतितासाठी रदबदली केल्यास बिशपने ती आदराने विचारात घ्यावी, असा पूर्वापार प्रघात होता. २५० च्या उन्हाळ्यात या शिफारसपत्रांचा पूर आला. काहींवर एकाच माणसाचे नाव देऊन त्याच्यासह त्याच्या माणसांना घ्यावे एवढेच लिहिलेले असे, आणि अशा मोघम शब्दांच्या आडून वीस-तीस जण एका पत्रावर आत शिरू पाहत. ल्यूशियन नावाच्या साक्षीने दिवंगत रक्तसाक्षी पॉलसच्या आज्ञेचा हवाला देऊन असंख्य पत्रे दिली, आणि शेवटी सर्व साक्षींच्या वतीने सर्वच पतितांना शांती, म्हणजे मंडळीत पुनःप्रवेश, दिल्याचे सिप्रियनला कळवून टाकले. ल्यूशियनला दोष देणे सोपे आहे, पण त्याचे दुसरे एक पत्र वाचले म्हणजे ते जड जाते, कारण अन्नपाण्यावाचून अंधारकोठडीत एकामागून एक मरत चाललेल्या सोबत्यांची नावे त्यात आहेत. त्याला रोमहून सेलेरिनस नावाच्या साक्षीने विनंती केली होती ती आपल्या भगिनींसाठी. त्यांतील एकीने बली दिला होता. दुसरी रोमच्या फोरममधील तीन दैवतांच्या मूर्तींपर्यंत चढून गेली आणि लाच देऊन परत फिरली. या दोघी पुढे काय करीत होत्या? कार्थेजहून आलेल्या ६५ साक्षींना त्या बंदरावर जाऊन सामोऱ्या गेल्या आणि त्यांचे खाणेपिणे त्यांनी पाहिले. आणि सेलेरिनस स्वतः, ईस्टरच्या आनंदोत्सवातही, त्यांच्यासाठी गोणपाट नेसून रात्रंदिवस रडत होता.

जून २५१ मध्ये अब्रिटस येथे गॉथांशी लढताना डेशियस मारला गेला. छळ तर त्याआधीच थंडावला होता. वसंतात ईस्टरनंतर सिप्रियन कार्थेजला परतला आणि आफ्रिकेतील बिशपांची सभा भरली. तिने दिलेला निवाडा असा की, दाखले विकत घेणाऱ्यांची प्रत्येकाची कैफियत स्वतंत्रपणे ऐकून त्यांना परत घ्यावे; ज्यांनी बली दिला त्यांनी दीर्घकाळ प्रायश्चित्त करावे, आणि त्यांच्या मृत्यूची घडी आल्यास त्यांना प्रभुभोजनाविना जाऊ देऊ नये. साक्षींच्या पत्रांनी बिशपांचा अधिकार बांधला जाणार नाही, हेही ठरले. प्रायश्चित्त म्हणजे मनातली खंत एवढाच त्याचा अर्थ नव्हता. गोणपाट, राख, उपवास, आणि उपासनेला आलेल्या लोकांच्या पाया पडून आपल्यासाठी प्रार्थना करण्याची याचना, असे ते सर्वांच्या डोळ्यांपुढे चालणारे व्रत होते.

रोममध्ये याच वर्षी कॉर्नेलियस बिशप झाला, आणि पतितांविषयी त्याचे धोरण सौम्य असल्यामुळे नोव्हेशियन या विद्वान धर्मगुरूने स्वतःला प्रतिस्पर्धी बिशप म्हणून अभिषेक करवून घेतला. नोव्हेशियनचे नाव नंतरच्या ग्रंथांत केवळ पाखंडी म्हणून येते, म्हणून त्याचे म्हणणे न्यायबुद्धीने मांडणे मला कर्तव्य वाटते. परमेश्वर पतिताला क्षमा करणारच नाही असे त्याने म्हटले नाही. पतितांनी पश्चात्ताप करीत राहावे असेच त्याचे सांगणे होते. परंतु ज्या अपराधाची क्षमा परमेश्वराने स्वतःकडे राखून ठेवली, तिचा शिक्का मंडळीने आपल्या हाताने मारू नये, आणि साक्षींच्या रक्ताने पवित्र झालेल्या पंक्तीत नाकारणाऱ्यांना बसवू नये, हा त्याचा आग्रह होता. तर्काच्या दृष्टीने हे मत अभंग आहे. पण सिप्रियनने अँटोनियानस नावाच्या बिशपला लिहिलेल्या प्रदीर्घ पत्रात जे उत्तर दिले ते मला अधिक खोल वाटते. मनुष्याला प्रायश्चित्त करायला सांगायचे आणि त्या प्रायश्चित्ताला फळच नाही असेही सांगायचे, हे शेतकऱ्याला नांगरणी करवून कापणी नाकारण्यासारखे आहे, असा त्याच्या युक्तिवादाचा आशय आपल्या शब्दांत सांगता येईल. शिवाय मंडळी जी शांती देते ती परमेश्वराचा अंतिम निवाडा नव्हे; पश्चात्ताप खोटा असल्यास तो जाणणारा वर बसलेला आहेच, असेही त्याने तेथे नोंदवले. तारण कोणाचे उरले आणि कोणाचे हरपले याची खातरजमा करण्याचा हक्क त्याने स्वतःकडे घेतला नाही, आणि दार बंद करण्याचाही घेतला नाही.

अलेक्झांड्रियाचा बिशप डायोनिशियस याने, नोव्हेशियनकडे झुकलेल्या अँटिऑकच्या फेबियसला समजावण्यासाठी, सेरापियन नावाच्या वृद्धाची हकीकत कळवली. आयुष्यभर निष्कलंक राहिलेला हा मनुष्य छळात पतित झाला, आणि त्याने कितीही विनवले तरी कोणी त्याच्याकडे लक्ष दिले नाही. तो आजारी पडून तीन दिवस वाचाहीन पडला. चौथ्या दिवशी थोडी शुद्ध येताच त्याने नातवाला धर्मगुरूकडे धाडले. रात्र होती आणि धर्मगुरू स्वतःच आजारी होता, पण मरणाऱ्या पतितांना शांती द्यावी असा बिशपचा हुकूम असल्यामुळे त्याने प्रसादाचा लहानसा तुकडा मुलाच्या हाती दिला आणि तो भिजवून आजोबांच्या तोंडात घालण्यास सांगितले. मुलाने तसे केले; वृद्धाने तो गिळला आणि प्राण सोडला.

पुढल्या शतकांत या प्रश्नाच्या दोन वाटा झाल्या, आणि त्यांचा माग थोडक्यात घेतल्यावाचून या नगराचे महत्त्व कळणार नाही. एक वाट शिस्तीची. ३१४ साली अँसायरा येथील सभेने पतितांच्या मनोवृत्तीप्रमाणे प्रायश्चित्ताची मुदत ठरवली: जे भरजरी वस्त्रे लेवून हसतमुखाने यज्ञभोजनास गेले त्यांना अधिक, आणि जे शोकवस्त्रे नेसून भोजनभर रडत बसले त्यांना कमी. ३२५ साली नायसियाच्या महासभेने सम्राट लिसिनियसच्या अमदानीत कसल्याही सक्तीवाचून ढळलेल्यांसाठी १२ वर्षांची पायरीपायरीची मुदत घालून दिली, आणि मरणाऱ्याला प्रभुभोजन नाकारू नये ही जुनी परंपराही कायम केली. त्याच सभेला आलेल्या अकेशियस या नोव्हेशियन पंथाच्या बिशपला, तू शिडी लाव आणि एकटाच स्वर्गात चढ, अशा आशयाचे उत्तर सम्राट कॉन्स्टंटाइनने दिल्याची कथा इतिहासकार सॉक्रेटिसने नमूद केली आहे. पण हाच सम्राट ३३७ साली मृत्युशय्येवर पडेपर्यंत बाप्तिस्म्याविना राहिला होता, आणि तसे राहणारा तो एकटा नव्हता. बाप्तिस्म्यानंतरचे पातक इतके महागाचे होते, की भाविक आईबापसुद्धा मुलांचा बाप्तिस्मा लांबणीवर टाकीत. पुढे बिशप झालेला ऑगस्टीन लहानपणी आजारी पडला असता त्याचा बाप्तिस्मा ठरला, आणि तो बरा होताच पुढे ढकलला गेला, तो याच भीतीने. कालांतराने आयर्लंडच्या मठांतून खासगी व पुनःपुन्हा घेता येणाऱ्या पापनिवेदनाची पद्धत पसरली. ५८९ साली टोलेडोच्या सभेने वारंवार क्षमा मागण्याच्या चालीचा निषेध केला होता, तर १२१५ साली लॅटरन सभेने वर्षातून एकदा तरी पापनिवेदन करणे सर्वांना बंधनकारक केले. गोव्यात ज्याला कुमसार म्हणतात तो संस्कार याच वाटेने आला.

दुसरी वाट तत्त्वविचाराची. ऑगस्टीनने आयुष्याच्या अखेरीस, ४२८-२९ च्या सुमारास, गॉलमधील मित्रांच्या विनंतीवरून चिकाटीच्या दानाविषयी ग्रंथ लिहिला: शेवटपर्यंत टिकणे हे परमेश्वराचेच दान आहे, आणि ते आपल्याला मिळाले की नाही हे जिवंतपणी कोणालाही निश्चित सांगता येत नाही. सोळाव्या शतकात धर्मसुधारक कॅल्व्हिनच्या अनुयायांनी यातले दान घेतले आणि अनिश्चितता सोडून दिली. १३ नोव्हेंबर १६१८ पासून पुढील मे महिन्यापर्यंत डॉर्ट येथे भरलेल्या डच सभेने असा ठराव केला की, खरा विश्वासी दावीद आणि पेत्र यांच्याप्रमाणे घोर पापात पडू शकतो, पण परमेश्वर त्याला सर्वस्वी पडू देत नाही. आर्मिनियस या डच धर्मपंडिताच्या अनुयायांनी या विषयावर शंका मांडल्या होत्या. त्यांचे धर्मगुरू पदच्युत होऊन हद्दपार झाले. हेच मत वेस्टमिन्स्टरच्या विश्वासपत्रातून स्कॉटलंडमध्ये रुजले, आणि १८१३ साली मुंबईत आलेले अमेरिकन मिशनरी व १८२३ साली कोकणात उतरलेले स्कॉटिश मिशनरी याच परंपरेत वाढलेले होते. वेस्लीच्या अनुयायांना, म्हणजे मेथडिस्टांना, ते मान्य नव्हते, आणि १८७१ साली विल्यम टेलरने मुंबईत उपदेश सुरू केला तेव्हा मेथडिस्टांची मतप्रणालीही या भूमीवर आली. मराठी ख्रिस्ती मंडळींत या प्रश्नावर जी भिन्न मते आढळतात, त्यांचे मूळ येथे आहे. पण डॉर्टच्या सभागृहात ज्याची चर्चा झाली तो विश्वासी मनुष्य लेखणीने रेखाटलेला होता. कार्थेजच्या बिशपांपुढे तो सदेह उभा होता, आणि म्हणून मला तिसऱ्या शतकातील त्या कागदपत्रांकडे पुन्हा वळावेसे वाटते.

२५३ च्या सुमारास आफ्रिकेतीलच कॅप्सा येथून सिप्रियनकडे एक प्रकरण आले. निनस, क्लेमेंटियानस आणि फ्लोरस हे तिघे स्थानिक अंमलदारांच्या आणि खवळलेल्या जमावाच्या छळापुढे ठाम राहिले होते. पण पुढे प्रांताधिपतीसमोर यातना लांबत गेल्या, तेव्हा त्यांचे शरीर हरले. तेव्हापासून तीन वर्षे ते अखंड प्रायश्चित्त करीत होते. त्यांना आता घ्यावे काय? सिप्रियनने लिहिले की, ज्यांनी प्रथम कबुली दिली आणि ज्यांना मनाच्या दुर्बलतेने नव्हे तर यातनांच्या लांबणीने पाडले, त्यांच्यासाठी तीन वर्षांचे अश्रू पुरेत. तरीही हा निर्णय एकट्याने न देता येत्या सभेपुढे ठेवू.

त्या वेळी गॅलस सम्राटाच्या राज्यात नव्या छळाची चिन्हे दिसत होती, आणि नगरात मरकीने घरोघरी माणसे मरत होती. सभा भरली आणि तिने दोन वर्षांपूर्वीचा स्वतःचा निवाडा बदलला: ज्यांनी बली दिला, पण तेव्हापासून मंडळीचे दार न सोडता प्रायश्चित्त केले, त्या सर्वांना मृत्यूची वाट न पाहता ताबडतोब शांती द्यावी. कारणही तिने दिले. उद्या ज्यांना ख्रिस्तासाठी रक्त सांडा म्हणून सांगायचे, त्यांना आज ख्रिस्ताच्या रक्ताचा प्याला नाकारून रिकाम्या हातांनी रणात धाडता येणार नाही. रोमच्या कॉर्नेलियसला हा निर्णय कळवणाऱ्या पत्राच्या शिरोभागी सिप्रियनसह सर्व बिशपांची नावे ओळीने आली आहेत. त्यांत तिसरे नाव कॅल्डोनियसचे आहे, ज्याने काही काळापूर्वी बोनाचे प्रकरण लिहून कळवले होते.